विसावा-सेविकेने मयताच्या घरी अर्धा कप चहा घेतल्याबद्दल

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
रुग्ण व कुटुंब आधार विभाग,
कर्करोग रुग्णालय, जुनी इमारत, चौथा मजला.

अर्जदार: आपल्याकडील मयत रुग्णाचा (आजार घशाचा कर्करोग, धंदा दुकानांच्या पाट्या रंगवणे) मेहुणा, म्हणजे रुग्णाच्या पत्नीचा थोरला भाऊ. धंदा तराजू व वजनकाटे दुरुस्ती.

विषय: विसावा-सेविकेस कामावरून दूर ठेवण्याचा आदेश मागे घेणेबाबत.

संदर्भ: १) सदर सेविकेस दिलेली आपली नोटीस. २) रुग्णाच्या पत्नीने आपल्या अभिप्राय पेटीत टाकलेले आभाराचे पत्र, ज्याच्या आधारे वरील नोटीस निघाली.

महोदय,

१. आपल्या नोटिशीत नमूद आहे की, सदर सेविका रुग्णाच्या मृत्यूनंतर, मनाई असतानाही, "वैयक्तिक लाभाच्या हेतूने" त्याच्या घरी गेली व तेथे "आदरातिथ्य आणि भेटवस्तू" स्वीकारली. तेव्हा बाकी काही लिहिण्याआधी अर्जदार लाभाचाच हिशेब मांडतो. पारड्यात काय पडले ते पाहण्यातच त्याचा जन्म गेला आहे. त्या घरी जाऊन सेविकाबाईंच्या पदरात पडण्यासारखे होते काय? एक कप चहा, त्यातला अर्धा त्यांनी ठेवला. बसायला एक खुर्ची, जिच्या पाठीला टेकायचे नसते हे घरच्यांना ठाऊक असते आणि पाहुण्याला टेकल्यावर कळते. अर्जदाराच्या बहिणीची बोलणी. ती मात्र त्यांनी अर्धी ठेवली नाहीत, सगळी घेतली. आणि केसांना लावायची एक पिवळी प्लास्टिकची क्लिप. सेविकाबाईंचे केस कानाच्या वरच संपतात, क्लिप अडकवायला जागा नाही. एवढ्याशा लाभासाठी कोणी हातचे काम पणाला लावत असेल, तर त्या माणसाला शिक्षेपेक्षा औषधाची गरज आहे, असे अर्जदाराचे नम्र मत आहे.

२. हकीकत समजायला तीन माणसे माहीत असावी लागतात. पहिली अर्जदाराची बहीण, वय पन्नाशीच्या पुढे, घरात आजही "बेबी". दुसरे तिचे यजमान, ज्यांना सारी पेठ "पेंटर" म्हणायची. तिसऱ्या सेविकाबाई. त्यांना आपल्या दप्तरात काय म्हणतात ते अर्जदाराला ठाऊक नाही. आमच्यात त्या "लोकरमावशी", कारण येताना त्यांच्या काखेत विणकामाची पिशवी असायची.

पेंटर बोलघेवडे. शिडीवर चढले की खालून जाणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायचे. अर्जदार दिसला की, तराजूची दांडी समतोल राहावी म्हणून हलक्या बाजूला बांधतात त्या वजनाच्या नावाने भर रस्त्यात आरोळी, "आला रे आला, आमचा पासंग आला!" अशा माणसाचे स्वरयंत्र आपल्या रुग्णालयात काढावे लागले. मानेला श्वासाचे भोक राहिले आणि आवाज गेला.

३. येथे विभागाचे आभार मानणे अर्जदाराचे कर्तव्य आहे, आणि तो हातचे न राखता मानतो. ते भोक कसे साफ करायचे हे आपल्या नर्सबाईंनी बेबीला इतक्यांदा शिकवले की बाजूला उभ्या अर्जदारालाही येऊ लागले. दुखण्याच्या औषधाबद्दल फोन केला की पलीकडून माणूस बोलायचा, यंत्र नाही. डोक्याकडून वर-खाली होणारी, लोखंडी कठड्याची खाट आपण घरपोच दिली. आणि बोलण्याच्या सोयीसाठी एक पाटी व खडू दिला.

पाटी देण्यातला हेतू चांगला होता, पण ती पाट्या रंगवणाऱ्याच्या हाती दिली गेली. पेंटरांना साधे लिहिता येईना. पाणी हवे असले तरी 'पा'ला बाक द्यायचा, काना तिरका वाटला की पुसून पुन्हा काढायचा, अक्षरामागे सावली टाकायची. 'पाणी' लिहून होईस्तोवर तहान मरायची. एकदा मळमळत असताना त्यांनी 'भांडे' हा शब्द रंगवायला घेतला. भांड्याची वेळ अनुस्वारावर टळली. चादरी बदलून झाल्यावर बेबीने पाटी काढून घेतली आणि त्यांच्या हातात चहाचा चमचा दिला.

"कठड्यावर वाजवायचा. एक म्हणजे पाणी. दोन म्हणजे कूस बदल. आणि तीन म्हणजे..." तिनाशी ती अडली. पेंटरांनी चमचा उचलून तिच्याकडे रोखला. तीन म्हणजे बेबी, असे ठरले. तिनाला कारण लागत नसे. तीन वाजले की तिने यायचे, हात धरून बसायचे, बस्स.

४. या व्यवस्थेचा एकच तोटा झाला. बेबी त्या कठड्याला बांधली गेली. नळ सोडला की मध्येच बंद करून कान द्यायची. आंघोळ दार किलकिले ठेवून. भाजी अर्जदार आणायचा, आणि आणलेली भाजी कशी गळाठलेली आहे हे उभ्याने ऐकायचा. चेहरा इतका ओढला की एक दिवस आपल्या नर्सबाईंनी पेंटरांना सोडून तिचेच पाहिले आणि आपली विसावा-सेवा लावून दिली: दर गुरुवारी दुपारी सेविका येऊन रुग्णापाशी बसणार, आणि तेवढ्या वेळात काळजी घेणाऱ्याने घराबाहेर पडायचे.

लोकरमावशी पहिल्या गुरुवारी आल्या, खाटेपाशी बसल्या, ठोक्यांची भाषा समजून घेतली आणि म्हणाल्या, "मी जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजला होते. माणूस बोलत नसला तरी लाइनवर आहे की नाही, ते मला कळतं. जा तुम्ही."

बेबी गेली. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने दार उघडून लोकरमावशी म्हणाल्या, "बेबीताई, इथली हवा मानवते का?"

पुढच्या गुरुवारी ती खरोखर बाजारात गेली आणि भरलेली पिशवी घेऊन परतली. येथे आपल्या पत्रकातील एका कलमाकडे लक्ष वेधतो: "काळजी घेणाऱ्याने विसाव्याच्या वेळेत रुग्णासाठी कोणतेही काम करू नये." हे कलम लोकरमावशींइतक्या कडकपणे खुद्द विभागानेही कधी पाळले नसेल. त्यांनी दारातच पिशवी अडवली.

"हे काय?"

"गाळणं."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुम्ही कधीपासून गाळून जेवता?"

पिशवीतून पट्ट्या निघाल्या, कापूस निघाला, मलम निघाले. प्रत्येक वस्तूवर बेबी नवे खोटे बोलली आणि पकडली गेली. खाटेवर पेंटरांचे खांदे गदगदत होते. आवाज गेलेला माणूस हसतो तेव्हा फक्त खांदे हसतात, हे अर्जदाराने त्या दिवशी पाहिले. त्यानंतर लोकरमावशींनी स्वतःचा नियम घातला: दर गुरुवारी एक तरी बिनकामाची वस्तू आणायची, आणि फोन घरी ठेवून जायचे. "फोन बरोबर असला की तुम्ही बाहेर जात नाही, नुसत्या लांबच्या खोलीत जाता."

अशा रीतीने त्या घरात एक शिट्टी आली, कागदाची भिंगरी आली, हातात धरायचा एक आरसा आला ज्यात सगळ्यांचे नाक मोठे दिसते. पेंटर प्रत्येक वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करायचे आणि अंगठा वर किंवा खाली करून निकाल द्यायचे. बेबीच्या गालांवर थोडे मांस आले. नोटिशीत ज्यांना "बेजबाबदार" म्हटले आहे, त्यांनी हे काम केले. नोंद व्हावी.

५. पेंटर एका गुरुवारीच गेले. बेबी तेव्हा रस्त्याकडेच्या एका विक्रेत्यापाशी केसांच्या क्लिपा पाहत उभी होती. निळी घ्यावी की पिवळी, यात तिचा बराच वेळ गेला. ती परतली तेव्हा लोकरमावशी दारात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातात विणकाम नव्हते. बेबीने त्यांना बाजूला सारले. पुढचे सांगण्यासारखे नाही.

आपल्या नियमानुसार, सेविकेसमक्ष रुग्ण दगावल्यास तिला दुसऱ्या घरी नेमतात आणि आधीच्या कुटुंबाशी संबंध ठेवण्यास मनाई करतात. हा नियम कोणी सहृदय माणसानेच केला असणार. रोज कोणाच्या ना कोणाच्या दुःखात बसणाऱ्या बाईला कुठेतरी कवाड हवे, हे अर्जदार जाणतो. त्याप्रमाणे लोकरमावशींची नेमणूक बदलली, आपल्या नोंदीत "रुग्णाचे निधन शांतपणे झाले" असे लिहिले गेले, आणि प्रकरण बंद झाले. आपल्या बाजूने.

६. बेबीच्या बाजूने ते "शांतपणे" या शब्दापाशी उघडे राहिले. भेटायला येणारा प्रत्येक जण तोच शब्द घेऊन यायचा. ती समोर बसून विचारायची, "शांतपणे म्हणजे कसं? चमचा हातात होता. वाजवला की नाही वाजवला?"

जाऊबाई म्हणाल्या, सुटले बिचारे. शेजारचा टेलर म्हणाला, पुण्यवान, कोणाला त्रास दिला नाही. अर्जदारही त्या वेळी तेथे नव्हता, तरी म्हणाला, "अगं, झोपेत गेले." त्यावर तिने अर्जदाराकडे जे पाहिले, ते हलके वजन ठेवणाऱ्या दुकानदाराकडे गिऱ्हाईक पाहते तसे होते.

"तीन मारले असतील तर, दादा? तीन मारले आणि मी तिकडे निळी का पिवळी करत उभी!"

यानंतर ती घराबाहेर पडायची थांबली. गच्चीत नाही, जिन्यात नाही, दारातला कचऱ्याचा डबाही हात लांबवून आत ओढायची. तिचे म्हणणे असे की, एकदा गेले आणि तेवढ्यात ते गेले. आता पुन्हा कशाला जाऊ? या बोलण्यात तर्क नाही हे तिलाही कळत होते. तर्काने दार उघडत नाही, महोदय.

७. अर्जदाराने मग आपल्या विभागास फोन केला. मयताच्या घरच्यांसाठी चौथ्या मजल्यावर दर गुरुवारी बैठक असते, लोक एकमेकांपाशी मन मोकळे करतात, अशी माहिती अत्यंत सौजन्याने मिळाली.

"त्यांना घेऊन या," पलीकडच्या बाई म्हणाल्या.

"ती घराबाहेर पडत नाही. तीच तर अडचण आहे."

"मग त्या बाहेर पडू लागल्या की घेऊन या."

घरी कोणी येईल का, असे विचारता कळले की घरी येण्याची सेवा रुग्णासाठी असते, आणि रुग्ण आता नाही. यावर अर्जदाराने विनंती केली की, दर गुरुवारी तो स्वतः त्या खाटेवर झोपेल, त्याला रुग्ण समजून सेविका पाठवावी, म्हणजे बहिणीला सवयीने बाहेर पडता येईल. बाईंनी विचारले, आपल्याला काय होतं? अर्जदाराची प्रकृती दुर्दैवाने ठणठणीत आहे. उजव्या कानाने कमी ऐकू येते, पण तेवढ्यावर भागले नाही.

८. आपले साहित्य विभागाचे दोन कामगार खाट परत न्यायला आले त्या दिवशी अर्जदार तेथे होता. बेबी स्वयंपाकघरात. खाटेचा एक नट गंजून धरला होता. तो हलावा म्हणून त्यांच्यातल्या थोरल्याने पान्याने कठडा ठोकला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

बेबी धावत आली. ओले हात, पदर खांद्यावरून सुटलेला, आणि एका हातात पाण्याचा पेला, कारण तिनाला गेले की पाणी बरोबर नेलेले बरे असते. दारात येऊन थांबली. गादी काढलेली खाट, दोन परके लोक, पाना. थोरल्या कामगाराने तिच्या हातातला पेला घेतला आणि उभ्याउभ्या सगळे पाणी पिऊन टाकले. मग जोडीदाराला म्हणाला, "चल रे. आज पाना आणायचा राहिला."

पाना त्याच्या हातात होता. आपल्या रजिस्टरात त्या दिवशी पाना नसल्याची नोंद असेल, तर ती खरी समजावी. अर्जदार साक्षीदार असून, पाना नव्हता असे येथे लिहून देत आहे.

९. त्या दिवशी अर्जदाराला उमगले की बहिणीला सांत्वन नको, तिला माहिती हवी आहे. आणि ती माहिती जगात एकाच माणसापाशी आहे. लोकरमावशींचा पत्ता विभागाने दिला नाही, ते योग्यच. परंतु लोकर वजनावर विकली जाते आणि तिच्या दुकानांतले काटे अर्जदार दुरुस्त करतो. काखेत पिशवी, आखूड केस, आवाज टेलिफोनवरच्यासारखा, एवढे वर्णन करताच मोठ्या दुकानाचा लोकरवाला म्हणाला, "त्या? करडा रंग नेतात नेहमी." त्याच्यापाशी अर्जदाराने निरोप ठेवला: पेंटरांच्या घरी एक प्रश्न अडकला आहे, जमल्यास येऊन सोडवावा.

म्हणजे सेविकाबाई आपण होऊन गेल्या, हा नोटिशीतला मुद्दा चुकीचा आहे. त्यांना बोलावले गेले. बोलावणे अर्जदाराचे. मनाईचा नियम सेविकेला लागू आहे, मेहुण्याला नाही, हे आपले पत्रक नीट वाचून पाहावे.

१०. त्या आल्या. बेबीने चहा ठेवला, त्या खुर्चीवर बसल्या, टेकल्या, सावरल्या. विणकाम आणले नव्हते. चहा अर्धा झाल्यावर बेबीने विचारले, "मावशी, त्या दिवशी वाजवलं का?"

येथे महोदयांनी क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहावे. "नाही" एवढे म्हटले असते तर कोणाला कळणार होते? सगळ्या गावाने तेच सांगितले होते. घरी चहा झाला असता, आपल्याला पत्र आले नसते, नोटीस निघाली नसती.

लोकरमावशी म्हणाल्या, "हो. तीन वाजवले."

बेबी हलली नाही. "मग?"

"मग मी गेले. हात धरला. त्यांनी डोळे उघडून बघितलं. कळलं त्यांना, तुम्ही नाही ते. मी म्हटलं, बेबीताई बिनकामाचं आणायला गेल्यात. तेव्हा त्यांचा खांदा हलला. तुम्हाला माहितेय कसा हलायचा."

"हो."

"पुन्हा एक वाजवला. पाणी दिलं, चमच्याचमच्याने. दोन घोट गेले. हात मी सोडला नाही."

"मला बोलवायचं होतंत!"

"फोन केला मी. तुमचा फोन स्वयंपाकघरात वाजला." आणि मग, आवाज न चढवता, "फोन ठेवून जा हे मीच सांगितलं होतं. तेच बोलायला आले आहे. बोला तुम्ही मला."

बेबी बोलली. अर्जदाराने बहिणीला चोपन्न वर्षे ओळखले, पण इतके शब्द तिच्यापाशी आहेत हे त्याला ठाऊक नव्हते. तुमचा नियम, तुमची शिट्टी, तुमचं ते गाळणं, कोण तुम्ही माझी पिशवी तपासणाऱ्या, चालती होणारी माणसं तुम्ही, माझं माणूस होतं ते! लोकरमावशी मान खाली घालून ऐकत राहिल्या. एकही शब्द त्यांनी परत केला नाही. शेवटी बेबीचे बोलणे रडण्यात मोडले, आणि पेंटर गेल्यापासून ती आवाज काढून पहिल्यांदा रडली. बराच वेळ गेला. मग तिने तोंड पुसले आणि म्हणाली, "तीन वाजले आणि कोणी गेलंच नाही, असं नाही ना झालं?"

"नाही. मी गेले."

"मग झालं."

ती आत गेली आणि ती पिवळी क्लिप घेऊन आली. तिला ती लावता येत नव्हती आणि टाकताही येत नव्हती. "ही तुम्ही न्या, मावशी. घरात दिसली की मला..." लोकरमावशींनी ती घेतली. भेटवस्तू स्वीकारली ती अशी. आमच्या घरात कोणी कोणाचे ओझे उचलले तर त्याला वेगळा शब्द आहे. आपल्या नियमावलीत त्यासाठी रकाना नसेल तर तो दोष क्लिपेचा नाही.

११. त्या रात्री बेबी झोपली. दोन-तीन दिवसांनी अर्जदार भाजी घेऊन गेला तर दाराला कुलूप. अर्जदार भाजीसकट जिन्यात बसून राहिला. ती आली तासाभराने, घामाघूम, चपलांना रस्त्याची धूळ. म्हणाली, "एवढा का पांढरा पडलास? काम होतं म्हणून गेले होते." आणि पिशवीतली भाजी उघडून, "ही काय आणलीस, दादा? जनावरंही तोंड लावणार नाहीत."

ती आपल्याच इमारतीत आली होती, महोदय. चार मजले चढून. आपल्या दारापाशी जी पेटी आहे, जिच्यावर 'आपला अभिप्राय मोलाचा' असे लिहिले आहे (अक्षर बरे नाही, पेंटर असते तर त्यांनी बदलून दिले असते), तिच्यात तिने आभाराचे पत्र टाकले. घराबाहेर टाकलेले तिचे पहिले पाऊल एका बाईचे आभार मानायला पडले. पत्र तिने मनापासून लिहिले, म्हणजे सगळे लिहिले: मावशी आल्या, खरे बोलल्या, चहा घेतला, क्लिप घेतली. जन्मात ज्या बाईला कधी धड खोटे बोलता आले नाही, तिच्या पत्रात पळवाट कुठून असणार? आपल्या कर्मचाऱ्याने ते वाचले, नियमाशी ताडले, आणि प्रत्येक आभाराचा एकेक आरोप करून नोटीस काढली. त्याने त्याचे काम केले. अर्जदाराला ही बातमी लोकरवाल्याकडून कळली.

१२. आता विनंतीचे कारण. बेबीला यातले काहीही माहीत नाही. ती आता दर गुरुवारी आपल्याकडच्या बैठकीला येते. एका नव्याने आलेल्या गृहस्थाला तिने सांगितले म्हणे, की घरी बसू नका, काहीतरी बिनकामाचे विकत आणा. ती प्रत्येक वेळी विचारते, "लोकरमावशी दिसत नाहीत?" आणि आपल्या बाई सांगतात, सुट्टीवर आहेत. ही सुट्टी किती दिवस पुरणार? ज्या दिवशी बेबीला कळेल की आपल्या आभाराने त्या बाईचे काम गेले, त्या दिवशी ती घरी जाईल, दार लावून घेईल, आणि मग ते उघडायला कोणापाशी जायचे? तो प्रश्न सोडवणारे माणूस आपणच बाजूला बसवले आहे. एकदा बाहेर पडले तर नवरा गेला, दुसऱ्यांदा बाहेर पडले तर मावशीचे काम गेले, असा हिशेब ती मांडील. अर्जदाराची विनवणी आहे की तिला तो मांडू देऊ नये.

शिक्षा व्हायलाच हवी असेल तर बोलावणाऱ्याला करावी. अर्जदार विभागाचे सर्व काटे तपासून देण्यास तयार आहे. पेंटर होते तेव्हा नर्सबाईंच्या खोलीतला वजनकाटा त्यांना आहे त्यापेक्षा जड दाखवत होता. बेबी तेवढ्यावर आठवडाभर खूश होती, म्हणून अर्जदार त्या वेळी काही बोलला नाही.

या अर्जासोबत पुरावा जोडलेला नाही. होता तो एकच कागद, आणि तो बेबीने आधीच आपल्या पेटीत आणून टाकला आहे.

१३. राहता राहिला हिशेब. खात्याला खाट परत मिळाली; दुसऱ्या खेपेस पाना होता. बेबीला उत्तर मिळाले. पेंटरांना शेवटच्या दुपारी धरायला हात मिळाला. अर्जदाराला भाजीवरची बोलणी पुन्हा सुरू झाली, हा त्याचा नफा. चौघांनी घेतले आणि भरले एकट्या लोकरमावशींनी, इथवर नोटिशीचे गणित जुळते. परंतु काल लोकरवाल्याकडून आणखी एक गोष्ट कळली. मावशी ज्या नव्या घरी बसायला जात होत्या, तिथे एक म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळलेले आहेत आणि त्यांची सून त्यांचे सगळे करते. त्या घराला बदली सेविका अद्याप मिळालेली नाही. ही सून या प्रकरणात कुठेच नाही. तिने कोणाला बोलावले नाही, पत्र लिहिले नाही, पेटी पाहिली नाही. गुरुवार आला की ती बाहेर जायचे कपडे घालून तयार राहते. वेळ टळली की आत जाऊन कपडे बदलते. सध्या भरते आहे ती.

आपल्या दोन ओळींची वाट पाहणारा,

बेबीचा दादा व पेंटरांचा पासंग
(सही)

गुरुवार, दुपार